दुसऱ्याच्या वरातीत

माझ्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक फोटो आहे. दोन हडकुळे पोट्टे, मध्ये एक व्हिडिओ कॅमेरा, आणि कॅमेऱ्याची मूठ दोघांनीही धरलेली. डावीकडचा मी. उजवीकडचा आता मोठा डायरेक्टर आहे, प्रोड्यूसर आहे, त्याच्या पिक्चरवर शिकलेसवरलेले लोक लेख लिहितात. गिऱ्हाईक लग्नाची ऑर्डर द्यायला येतं, फोटोकडे पाहतं आणि विचारतं, "हे ते साहेबच ना? तुमी त्याइच्या सोबत होते का?" मी "हाव" म्हणतो, आणि ऑर्डर पक्की होते. हा फोटो उतरवून माळ्यावर टाकावा असं माझ्या मनात कितीदा आलं असेल. पण धंद्याला बरा पडतो. त्याच्या नावावर माझं पोट भरतं आणि त्याच्याच नावानं दुखतं.

आम्ही दोघं अमरावतीच्या एकाच कॉलेजात. गॅदरिंगला नाटक बसवायचं तर मी आणि तो. मी दिग्दर्शक असायचो, तो पडदा ओढायचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण आता कोणाला सांगितलं तर लोक हसतात. कॉलेज संपल्यावर दोघांनी मिळून तो कॅमेरा घेतला आणि लग्नाची शूटिंग सुरू केली. चांदूर रेल्वे, बडनेरा, मूर्तिजापूर, जिथून बोलावणं येईल तिथे. मोटारसायकल मी चालवायचो, तो मागे कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचा. लेकरू घेतल्यासारखा.

त्याचं करिअर सुरू झालं ते भातकुलीच्या एका लग्नात, आणि सुरू झालं म्हणजे काय, बोंबलून सुरू झालं. त्या दिवशी मला ताप होता. मी मंगलाष्टकांपर्यंत कसंबसं केलं आणि म्हणालो, आता पुढचं तू कर, व्याहीभेट आहे, पंगत आहे, पाठवणी आहे. कॅमेरा त्याच्या हाती देऊन मी जानोशात, वरपक्षाच्या उतरायच्या खोलीत, जाऊन पडलो. पुढे कॅसेट घेऊन नवरीच्या घरी गेलो. सगळं घर टीव्हीसमोर बसलेलं, शेजारीपाजारी आलेले, चहा झालेला. व्याहीभेटीच्या जागी पडद्यावर आल्या मांडवामागं भांडी घासणाऱ्या बाया. राखेनं बरबटलेले हात, कढया, शेजारी मातीत झोपलेलं एक लेकरू. एक बाई वर पाहून लाजते आणि पुन्हा कढई घासायला लागते. असं किती तरी वेळ.

नवरीचा बाप उठून उभाच राहिला. "बाप्पा! माह्या व्याहीभेटीचं काय झालं? भांडेवाल्या बायाइचं लगन होतं का हे?"

त्याच्या पाया पडलो मी. माफी मागितली मी. आणि हा शहाणा बाजूला उभा राहून म्हणतो कसा, "काका, व्याहीभेट सगळ्याच लग्नात असते." तिथेच लाथ घालावीशी वाटली. रस्त्यानं येताना त्याला म्हणालो, "भैताडा, धंदा बुडवतं का?" तर मागून आवाज आला, "थांब ना बे. त्या बाईच्या हाताकडे पाह्यलं का तू?"

ते भांड्यांचं शूटिंग त्यानं नीट कापलं, जोडलं, त्या बायांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं, आणि त्याची एक छोटीशी फिल्म झाली. तिला बाहेर कुठे तरी बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. कॅमेरा अर्धा माझा होता, बॅटरी मी चार्ज केली होती, शिव्या मी खाल्ल्या होत्या, आणि पेपरात तो एकटाच. तेव्हापासून हे पोटातलं दुखणं चालू आहे.

मग तो थांबलाच नाही. अकोल्याच्या जिनिंगमध्ये सरकी ओढणाऱ्या बायांवर एक केली. चार महिने तिथे राहिला, यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. वरूडला संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या पोरींवर एक केली. त्याची एक पद्धत होती, जिच्यावर फिल्म ती आधी तिनं पाहायची, मग जगानं. पेट्या भरणाऱ्या पोरींना त्यानं त्याच गोदामात चादर बांधून फिल्म दाखवली, आणि एकीनं "हे माहं बोलणं काढा, माहा बाप मारीन" म्हटलं तर तो तुकडा त्यानं जागच्या जागी काढला. तज्ज्ञ म्हणाले, फिल्ममध्ये तिथे धक्का बसतो. बसू द्या म्हणाला. बापाचा अकोल्याचा प्लॉट विकून पहिला मोठा पिक्चर स्वतः काढला. तो चालला, तसा पुढचा काढला. मग स्वतःच्या पिक्चरशिवाय नव्या पोरापोरींच्या पिक्चरांना पैसा लावायला लागला. माझ्या बापानं प्लॉट ठेवला असता तर मीही... असं मी दुकानात कित्येकदा बोललो आहे. माझी बायको अशा वेळी आतून म्हणते, "हाव, हाव. दूध उतू जाऊन राहिलं, ते पाहा."

मी त्याचा एकही पिक्चर सोडलेला नाही. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला. प्रेमानं नव्हे. चुका शोधायला. अमुक सीनमध्ये बाईच्या हातात बांगड्या आहेत, पुढच्यात नाहीत. अमुक ठिकाणी तुरीला फुलं आहेत आणि संवादात उन्हाळा आहे. हे सगळं मी घरी येऊन बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "पण रडले कावून तुमी?" कारण ती शेजारीच बसलेली असायची. रडवतो तो, त्याला काय करणार? त्याचाच तर राग आहे.

आता मुख्य गोष्टीवर येतो. एका दिवाळीत तो दुकानात आला. दरवर्षी येतो. मोठा झाला म्हणून यायचं बंद केलं असतं तर मला सांगायला तरी सोपं झालं असतं, पण नाही, येतो, स्टुलावर बसतो, कपबशीतूनच चहा पितो. मी बोलता बोलता त्याला सांगितलं की लग्नाच्या धंद्यात एक गंमत झाली आहे. वरातीत पुढे जो पोट्टा नाचतो ना, तो मला आता पाठ झाला आहे. गेल्या वर्षी याच्या वरातीत, त्याच्या आधी त्याच्या, यंदा चुलतभावाच्या. जमीन आहे, बोअर आहे, ट्रॅक्टर आहे, पण शेतकऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयार नाही. त्याचं स्वतःचं काही जमत नाही. म्हणून तो दुसऱ्याच्या वरातीत नाचतो, आणि दरवर्षी जास्त जोरात नाचतो.

तो कप हातात धरून बसला. चहावर साय आली. "हा विषय तुह्या डोक्यात कधीचा हाय?" त्यानं विचारलं.

"कधीचाच हाय," मी म्हणालो. "मीच करनार हाओ कधी तरी याच्यावर पिक्चर." असं म्हटलं खरं. म्हणजे इच्छा होती. सगळ्यांनाच असते.

दोन दिवाळ्या गेल्या आणि पेपरात बातमी आली, साहेबांचा नवा पिक्चर, वऱ्हाडातल्या बिनलग्नाच्या पोरांवर. अंगाचा नुसता तिळपापड झाला. चोर! चोर मिळाला होता मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या दुखण्याला नाव सापडलं होतं. राजकमल चौकात चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याला सांगत सुटलो, विषय माझा आहे. लोक म्हणत, "मंग त्यानं तुमाले विचारलं नाई का?" नाही विचारलं, म्हणायचो मी. आणि खरं सांगतो, हे म्हणताना तोंडाला चव यायची.

तर त्याचाच फोन. "गड्या, भातकुलीकडे सेट लावून राहिलो. लग्नाचा सीन हाय. तुह्याशिवाय कसा होईन? ये."

जायचं नाही असं ठरवलं, आणि पहाटे उठून दाढी केली.

गावाबाहेर मांडव घातला होता. मुंबईचं युनिट, क्रेन, व्हॅन, छत्र्या. गर्दी म्हणून अख्खं गाव बोलावलेलं, सगळे नवे कपडे घालून आलेले. आणि तिथे यांनी जी चूक केली, ती पाहून मी चाटच पडलो. युनिटचा नियम असा की गर्दीतल्या लोकांना शूटिंगच्या आधी जेवू घालायचं, उपाशी उभं करायचं नाही. नियम चांगला आहे. पण आमच्याकडच्या माणसाला मांडवात जेवू घातलं की त्याचं लग्न आटोपलं! अक्षता टाकायच्या, पंगतीत बसायचं, हात धुवायचे आणि चपला शोधायच्या, हा क्रम हाडात बसलेला. यांनी वरण, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं आधी वाढलं. कॅमेरा लावून होईपर्यंत गाव जेवून उठलं, सुपारी तोंडात टाकली आणि आपापल्या घरी गेलं. नवे कपडे काढून काही जण वावरातही पोचले. मांडवात उरले नवरा-नवरी, तेही नट, आणि भटजी.

मुंबईची पोरं "अरे, सब लोग किधर गए" म्हणून पळत होती. आणि माझा दोस्त, भातकुलीच्याच मातीवर नाव कमावलेला, डोक्याला हात लावून खुर्चीत बसलेला. मला आतून उकळ्या फुटत होत्या. विसरला! हा आपली पंगत विसरला. मी एका खांबाला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, दाखव आता तुझं सामाजिक भान.

त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "बोल ना बे," तो म्हणाला. "काय करू?"

मी नाही म्हणू शकलो असतो. पण समोर रिकामा मांडव होता, आणि लग्नाचा रिकामा मांडव मला पाहवत नाही. मी त्याच्यासाठी केलं नाही, मांडवासाठी केलं, हे पुन्हा एकदा सांगतो. भटजींच्या हातातला माइक घेतला आणि भोंगे गावाकडे वळवायला लावले. मग सुरू केलं. सोसायटीचे अध्यक्ष यांनी मानाचा टोपी-दुपट्टा स्वीकारण्यासाठी मंडपात यावं. माजी सरपंच यांनी यावं. भजनी मंडळाचे बुवा यांनी यावं. पोलीस पाटील आणि त्यांचे चिरंजीव यांनी यावं. गावातल्या एका म्हाताऱ्याला शेजारी बसवून त्याच्याकडून नावं घेत गेलो, एकही घर सोडलं नाही. वऱ्हाडात मांडवाच्या माइकवर नाव पुकारलं आणि माणूस घरी बसला असं होत नाही. शेजाऱ्यानं ऐकलेलं असतं ना! अर्ध्या तासात गाव परत मांडवात. शर्टाच्या गुंड्या लावत, पदर सावरत. एका आजीनं तर नटीच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं आणि "सुखी राय मा" म्हणून तिच्या गालावरून हात फिरवला. नटीला खरंच रडू आलं.

त्यानं मला एक कॅमेरा दिला. म्हणाला, "तुह्या हिशोबानं घे." मोठा कॅमेरा नवरा-नवरीवर होताच. शेवटच्या मंगलाष्टकाला मी कधीच नवरा-नवरीवर राहत नाही. तेव्हा मी गर्दीकडे वळतो, कारण व्हिडिओ पाहताना प्रत्येक मावशी आणि प्रत्येक काका आपलं तोंड शोधतात, आणि नाही दिसलं तर माझ्या दुकानात येऊन भांडतात. सवयीनं वळलो. "शुभ मंगल सावधान" झालं, अक्षता उडाल्या, वाजंत्री वाजली. खांबाजवळ पस्तिशीतला एक पोट्टा उभा होता. नट नव्हे, गावातलाच, अजून लग्न न जमलेला. पोलीस पाटलांचे चिरंजीव म्हणून मीच पुकारलेला. सगळ्यांचे हात वर, याची मूठ बंद. इकडेतिकडे पाहिलं त्यानं. मग मूठ हळूच शर्टाच्या खिशात नेली, अक्षता खिशात सोडल्या आणि वरून खिसा दाबला.

माझा हात हलला नाही. इतकी वर्षं शूटिंग करतो, मला कळलं की हे काय आहे. हे माझं आहे. अख्ख्या युनिटमध्ये कोणी पाहिलं नाही, मी पाहिलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याइनं तुमचं नाव नाई टाकलं तर भांडा. टाकलं तर मंग गप बसा." मी मनातून ठरवून टाकलं की तो नाव टाकणार नाही. कोण टाकतं? भांडणाची तयारी केली. काय बोलायचं, कोणासमोर बोलायचं, आवाज कुठे चढवायचा, सगळं ठरवलं. त्या काही महिन्यांत मी इतका खुशीत होतो की धंदाही बरा झाला.

पिक्चरचा पहिला खेळ अकोल्याला ठेवला, दुपारचा. पिक्चरमध्ये काम केलेलं गाव आधी पाहणार, ही त्याची जुनी पद्धत. दोन बसगाड्या भरून गाव आलं होतं. आम्ही नवराबायको तिसऱ्या रांगेत. मी चुका शोधत होतो. फारशा नव्हत्या. शेवट आला, आणि शेवट म्हणजे तोच पोट्टा. नट नाही, संगीत नाही, बंद मूठ, खिसा, वरून दाबलेला हात. तिथेच पडदा काळा झाला. मागच्या रांगेत कोणी तरी नाक शिंकरलं. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात, सगळ्यांच्या आधी, त्याच्या स्वतःच्याही आधी, एकट्याचं नाव आलं. मूळ विषय आणि शेवटचं चित्रण. माझं नाव.

बायकोनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. आणि मला काय झालं असेल? आनंद? जळालो मी. आतून राख झालो. चोर असता तर किती बरं झालं असतं! एवढी वर्षं जपलेलं भांडण त्यानं एका ओळीत संपवलं. माझ्याकडे त्याच्याविरुद्ध आता काहीच उरलं नव्हतं, तो माझ्याहून चांगला आहे एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात तो स्टेजवर आला आणि माइक हातात घेऊन मांडवातल्यासारखं पुकारलं, "अमरावतीचे प्रसिद्ध शूटिंगवाले यांनी टोपी-दुपट्टा स्वीकारण्यासाठी स्टेजवर यावं!" गाव हसलं, टाळ्या पडल्या. माइकवर नाव पुकारल्यावर बसून राहता येत नाही, हे मीच त्याला शिकवलेलं. गेलो. त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, मिठी मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पुढचा पिक्चर हा करनार. डायरेक्टर हा. मी फक्त प्रोड्यूसर. पैशाचं मी पाहतो." मग माइक माझ्या तोंडाजवळ धरून म्हणाला, "सांग. विषय कोनता?"

मी तोंड उघडलं. समोर अख्खं गाव, खांबाजवळचा तो पोट्टाही पहिल्या रांगेत होता. काहीच आलं नाही. बाप्पा, काहीच नाही. त्याचे सगळे पिक्चर मला पाठ होते, कुठल्या सीनमध्ये बांगड्या नाहीत हे पाठ होतं. माझा म्हणावा असा एकच विषय होता, तो आताच पडद्यावर संपला होता. "सांगतो," मी म्हणालो. "विचार करून सांगतो." लोकांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा बायकोनं विचारलं, "टोपी काढत नाई का?" ती अजून डोक्यावरच होती.

आठवड्यानं त्याचा फोन आला. मी म्हणालो, लग्नसराई सुरू आहे, श्वास घ्यायला फुरसत नाही. "हाव ना, धंदा पह्यले," तो म्हणाला. "सराई झाल्यावर करतो फोन." त्याच्या आवाजात एवढीशीही शंका नव्हती. ती असती तर मी तिच्यावर चिडून तरी काही लिहिलं असतं.

आता सराई संपली. तुळशीच्या लग्नापर्यंत तिथी नाही. कॅमेरे पुसून कपाटात ठेवले, दुकानात एक माशी आणि मी. आज दुपारी काउंटरवर फोन वाजला, त्यावर त्याचं नाव. मी पाहत बसलो. वाजून थांबला, पुन्हा वाजला. बायको आतून पदराला हात पुसत आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"हाव भाऊजी, हायेत ना," ती म्हणाली. "दुकानातच बसले हायेत. रिकामेच हायेत आता."

आणि फोन माझ्या हातात दिला.